सहा माणसं, एक फोन: मुंबईत पाहुण्यांची तिकिटं कशी काढावीत

दर मे महिन्यात माझं माहेर डोंबिवलीला येतं. आई, दादा, वहिनी, नऊ वर्षांचा भाचा, चार वर्षांची भाची आणि कडक भाकरी-शेंगाचटणीची पिशवी, असं सगळं सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघतं आणि पहाटे कल्याणला उतरतं. उतरल्या उतरल्या दादाचा फोन. "आता हितनं पुढं सिद्धेश्वरचंच तिकीट चालतंय का?"

चालत नाही. दरवर्षी विचारतो, दरवर्षी सांगते. म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून काढलं, त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायला. मग वाटलं, ज्यांच्या ज्यांच्या घरी गावाकडून पाहुणे येतात त्या सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

सुरुवात कल्याणपासूनच करू. तुमचं लांबच्या गाडीचं तिकीट कल्याणपर्यंत असेल तर ते कल्याणला संपलं. पुढे डोंबिवली एकच स्टेशन लांब वाटलं (मध्ये ठाकुर्ली आहे) तरी लोकलचं तिकीट वेगळं काढायचं. सेकंड क्लासचं किमान भाडं पाच रुपये आहे आणि कल्याण-डोंबिवली पाच रुपयांतच होतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं. पण पाचाचं अर्धं अडीच होत नाही, त्यामुळे या छोट्या टप्प्याला भाच्याचेही पाचच पडतात. म्हणजे सगळ्यांचे मिळून वीस रुपये. ते वाचवायला गेलात आणि पुलावर टीसी उभा असला, तर माणशी किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. टीसी बहुतेक वेळा गाडीत भेटत नाही, जिन्यावर आणि पुलावर भेटतो, म्हणून लोकलमधून उतरलं की तिकीट चुरगाळून टाकायचं नाही. स्टेशनच्या बाहेर पाऊल पडेपर्यंत ते हातात हवं.

कल्याणला पहाटे खिडकीवर रांग असते. त्या रांगेत आईला उभं करण्यापेक्षा तिकिटाचं मशीन बघा, एटीव्हीएम म्हणतात ते. त्याच्याशेजारी बऱ्याचदा एक गृहस्थ बसलेले असतात. ते बहुधा रेल्वेतून निवृत्त झालेले असतात, त्यांच्याकडे कार्ड असतं. "चार डोंबिवली, तीन फुल एक हाफ" एवढं सांगा आणि रोख द्या. दोन मिनिटांत कागदाची तिकिटं हातात. स्वतः करायचं असेल तर पडद्यावर मराठी निवडा, नकाशावर स्टेशनवर बोट ठेवा आणि क्यूआर स्कॅन करून यूपीआयने पैसे भरा. पण मागे रांग असताना दादासारख्या माणसाने नकाशावर डोंबिवली शोधत बसू नये, लोक बोलून दाखवतात.

राहिला फोन. रेल्वेचं रेलवन नावाचं ॲप जुलै २०२५ मध्ये आलं, त्यावर लोकलचं तिकीट निघतं. मात्र गंमत अशी की स्टेशनच्या आवारात, रुळांजवळ उभं राहून फोनवर तिकीट काढू देत नाहीत. का, ते उघड आहे. तसं चाललं असतं तर लोकांनी टीसी दिसल्यावरच तिकीट काढलं असतं. म्हणून घरून निघताना, रिक्षात बसल्यावर किंवा स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर उभं असतानाच तिकीट काढायचं. आत शिरल्यावर आठवण झाली तर स्टेशनात लावलेला क्यूआर स्कॅन करून काढता येतं. आणि आज संध्याकाळचं तिकीट सकाळीच काढून ठेवू असंही करू नका. लोकलच्या मोबाईल तिकिटावर तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो.

आता खरी गोष्ट सांगते, जी मी साडेसातशे रुपये मोजून शिकले.

गेल्या वर्षी आम्ही डोंबिवलीहून दादरला निघालो होतो. दादा हौसेने म्हणाला, मी काढतो सगळ्यांची. त्याने स्वतःच्या फोनवर चौघांचं एक तिकीट काढलं: तो, वहिनी, आई आणि मी. हे तिकीट एकदम चारच माणसांचं निघतं, तेव्हा भाच्याचं त्याने वेगळं काढलं. भाचीला लागत नव्हतं. इथपर्यंत सगळं बरोबर. मग गाडी आली. आम्ही बायका लेडीज डब्यात चढलो, भाचीला घेऊन. दादा आणि भाचा जनरलमध्ये, चार डबे पुढे. मुलुंडला एक टीसीबाई चढल्या आणि म्हणाल्या, तिकीट. तिकीट होतं, पण दादाच्या खिशात. दादाला फोन लावला, त्याने स्क्रीनशॉट पाठवला. बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं की स्क्रीनशॉट चालत नाही, ॲप उघडून तिकीट दाखवावं लागतं आणि ज्या फोनवर काढलं तो फोन इथे हवा. आम्ही तिघी. तीन गुणिले अडीचशे, वर भाडं. चूक आमचीच होती, वाद घालायला जागाच नव्हती. आई मात्र पावती हातात घेऊन दादरपर्यंत म्हणत होती, "एवढ्यात मी सोलापूरला जाऊन आले असते."

तेव्हापासून आमच्या घरात एकच नियम आहे. तिकीट किती माणसांचं ते नंतर, आधी कोण कोणत्या डब्यात बसणार ते ठरवायचं. लेडीज डब्यातल्यांचं तिकीट लेडीज डब्यात जाणाऱ्या बाईच्या फोनवर किंवा पर्समध्ये, जनरलमधल्यांचं जनरलमध्ये. आमच्या बाबतीत एक तिकीट तीन फुल, माझ्या फोनवर. दुसरं एक फुल एक हाफ, दादाच्या फोनवर. भाचा बारा वर्षांखालचा आहे म्हणून लेडीज डब्यात चालतो खरं तर, पण त्याला दाराजवळचा वारा हवा असतो. तो आमच्याबरोबर आला तर त्याचं हाफ तिकीटही आमच्याकडे यायला हवं, नाहीतर पुन्हा तोच घोळ. म्हणून लहान मुलं असली की मी अजूनही कागदी तिकिटंच पसंत करते. वेगवेगळी काढून घ्यायची आणि ज्याची त्याच्या हातात द्यायची. कागदाची बॅटरी संपत नाही. फोन बंद पडला तर "अहो, काढलंय हो" हे कोणी ऐकून घेत नाही, तुम्ही विनातिकीटच.

एक प्रश्न दादाने विचारायच्या आधीच उत्तर देऊन ठेवते. "दाजींचा पास रविवारी नुसताच पडलेला असतो ना, मी नेतो." नाही. पास ज्याच्या नावाचा त्याचाच, सोबत ओळखपत्र लागतं. शिवाय आमच्या ह्यांचा फर्स्ट क्लासचा आहे आणि दादा त्यांच्यासारखा अजिबात दिसत नाही. फर्स्ट क्लासवरून आठवलं: गावाकडून आलेला माणूस हमखास चुकतो तो इथे. गाडी आली, समोर कमी गर्दीचा डबा दिसला, चढले. तो फर्स्ट क्लास असतो. डब्यावर लिहिलेलं असतं, बाहेर तिरपे पट्टे असतात. कमी गर्दी दिसली की आधी डोकं वर करून वाचा. तीच गोष्ट एसी लोकलची. तिचं तिकीट वेगळं आणि कितीतरी पट महाग, साधं तिकीट तिथे चालत नाही. मे महिन्याच्या दुपारी आई बरोबर असेल तर मी परतीला एकदा एसी काढते. बाकी वेळ नाही. डोंबिवली ते सीएसएमटी सेकंड क्लासला माणशी वीस रुपयांच्या आत जातं, या पैशांत एवढं अंतर दुसरं कोण नेणार?

रेल्वेचं टूरिस्ट तिकीटही मिळतं, एक, तीन आणि पाच दिवसांचं, पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर हवं तितकं फिरा. आम्ही हिशेब केला. डोंबिवलीहून सकाळी जाऊन रात्री परत यायचं असेल तर ते परवडत नाही. दिवसभरात चर्चगेट, अंधेरी, वाशी असं उलटसुलट फिरणार असाल आणि रांगांचा कंटाळा असेल तरच घ्या.

आईचा मुद्दा वेगळा असतो. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि आईला ते इतकं अंगवळणी पडलंय की बेस्टच्या कंडक्टरला ती आधारकार्डच काढून दाखवते. "हाफ." कंडक्टर हसतो. बेस्टची बस म्हणजे एसटी नाही, लोकलही नाही, तिथे बायकांना ती सवलत नाही. रेल्वेची ज्येष्ठांची सवलतही मार्च २०२० पासून बंद आहे. हे घरीच सांगून ठेवायचं, बसमध्ये नाही. बसमध्ये सांगितलं की आईचा सरकारशी वाद सुरू होतो आणि स्टॉप निघून जातो.

बेस्टचं भाडं ९ मे २०२५ पासून वाढलं. पहिल्या पाच किलोमीटरला साध्या बसमध्ये १० रुपये, एसीत १२. आधी ते पाच आणि सहा होतं, त्यामुळे ज्यांच्या डोक्यात जुना भाव बसलाय ते अजून पाचचं नाणं पुढे करतात. रोख चालते, पण सुट्टे हवेत. पाचशेची नोट दिली की कंडक्टर जसं बघतो तसं सोलापुरात कोणी बघत नाही. दहाची नाणी मात्र इथे सगळे घेतात. आमच्याकडे गावाला दुकानदार त्या नाण्याला नाक मुरडतात, म्हणून वहिनी वर्षभर डब्यात साठवते आणि मुंबईला घेऊन येते. त्या डब्यावर आमचं बेस्टचं बजेट चालतं. दिवसभर बसनेच फिरायचं असेल तर ७५ रुपयांचा दिवसाचा पास आहे. पाच-सहा वेळा बस बदलणार असाल तरच त्यात अर्थ आहे. मुलांसाठी एक सांगते: सीएसएमटीसमोरून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी ११५ नंबरची दुमजली एसी बस. बारा रुपयांत वरच्या मजल्यावरून फोर्टचा परिसर बघायला मिळतो. भाचा दोनदा गेला आणि दोन्ही वेळा तिकिटं जपून ठेवली.

आता एक हिशेब, जो मुंबईच्या लोकांच्याही लक्षात येत नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे आणि त्यात दीड किलोमीटर होतं. चौघं जण असाल आणि अंतर दीड किलोमीटरच्या आत असेल, तर बसला ४० किंवा ४८ लागतात आणि टॅक्सीला ३१. म्हणजे टॅक्सी स्वस्त! एकट्याला बस, चौघांना टॅक्सी. चर्चगेटहून मरीन ड्राइव्हच्या कडेने थोडंसं जायचं, गुडघे दुखणारी आई आणि झोपलेली भाची, तेव्हा बसच्या स्टॉपवर उभं राहून काटकसर होत नाही. मीटर टाकला का एवढं बघा. सहा जण एका टॅक्सीत बसत नाहीत हे मात्र आधीच मान्य करा, "बसू हो दाटीवाटीने" असं म्हणत टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालू नका. रात्री बारा ते पहाटे पाच भाडं सव्वापट होतं. आणि रिक्षा शोधू नका. वांद्रे-सायनच्या दक्षिणेला रिक्षा येतच नाही. दादाने गेटवेजवळ पंधरा मिनिटं रिक्षा शोधली होती.

मेट्रोत मात्र सगळे नियम बदलतात, तिथे नीट ऐका.

आमच्यासारख्या पाहुण्यांच्या कामाची म्हणजे तिसरी मार्गिका, जमिनीखालून आरे ते कफ परेड जाणारी. शेवटचा टप्पा ९ ऑक्टोबर २०२५ पासून लोकांसाठी सुरू झाला. तिच्यावर सिद्धिविनायक आहे, दादर आहे, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, सगळं आहे. भाडं अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. आम्ही सकाळी लोकलने दादरला उतरतो, सिद्धिविनायक करतो आणि तिथून मेट्रोने हुतात्मा चौकाला. आई म्हणते, देवाच्या दारातून थेट विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. उतरते मात्र आनंदाने, कारण सरकते जिने आणि लिफ्ट आहे.

लोकलमध्ये लहान मुलाचं वय बघतात, मेट्रोत उंची. साधारण तीन फूट, म्हणजे ९० सेंटीमीटरपर्यंतचं मूल मोठ्यांबरोबर फुकट. चार वर्षांची मुलं बहुधा त्याहून उंच असतात. म्हणजे जी भाची लोकलमध्ये फुकट आली तिला मेट्रोत तिकीट लागलं, तेही पूर्ण, कारण मेट्रोत हाफ तिकीट हा प्रकार नाही. दादा म्हणाला, "एका दिवसात पोरगी मोठी झाली की." तेव्हा हिशेब करताना मेट्रोसाठी सहा तिकिटं धरा.

दुसरं, मेट्रोला गेट आहे आणि गेट एकेकालाच सोडतं. तिथे "मागून येतायत ना, त्यांच्याकडे आहे" हे चालत नाही. खिडकीवर किंवा मशीनवर प्रत्येकाचा वेगळा क्यूआर छापलेला कागद मिळतो, तो आत जाताना दाखवायचा आणि बाहेर पडतानाही. त्यामुळे मुलांच्या हातात तिकीट द्यायचं असेल तर आत गेल्यावर लगेच परत घ्या. भाच्याने त्याची होडी करून दाखवली, घडीवर घडी पडलेला क्यूआर गेट वाचेना, मग माणसाला बोलवावं लागलं. फोनवर, व्हॉट्सॲपवरही तिकीट काढता येतं, पण जमिनीखाली जायच्या आधी, वर रस्त्यावर असतानाच काढा.

कार्डाचा विषय निघतोच. बँकांचं आणि मेट्रोचं एनसीएमसी म्हणून कार्ड असतं, गावोगावच्या मेट्रो-बसला एकच चालावं म्हणून काढलेलं, मार्च २०१९ पासूनची योजना. पुण्याच्या मेट्रोत घेतलेलं मुंबईच्या मेट्रोतही चालतं, बेस्टलाही चालतं. लोकलला टॅप करायला गेटच नाही, तिथे त्याचा उपयोग नाही. पण कुटुंबासाठी त्यात दोन अडचणी आहेत. एक, एका कार्डावर एकच माणूस आत जातो. दादा टॅप करून आत गेला आणि तेच कार्ड मागे वहिनीला दिलं तर गेट उघडत नाही, कारण कार्डाच्या मते तो माणूस आधीच आत गेलेला असतो. सहा जणांना सहा कार्डं घेणं हा दोन दिवसांच्या पाहुण्यांसाठी वेडेपणा आहे. दोन, घरी बसून फोनवरून कार्डात पैसे भरले की ते लगेच गेटला दिसत नाहीत, स्टेशनवरच्या मशीनला कार्ड लावून ते कार्डात उतरवावे लागतात. हे न कळल्यामुळे माणसं गेटसमोर "पैसे कापले गेले ना!" म्हणत उभी असतात. वर्षातून चार-पाचदा येणारा माणूस असेल, मुलगा मुंबईत शिकत असेल, तर एक कार्ड घ्यावं. नाहीतर कागद.

आणखी एक घोटाळा नावाचा. "मुंबई १" हे कार्ड आहे आणि "मुंबई वन" हे ॲप आहे. ॲप ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं. लोकल, मेट्रो, बेस्ट, ठाणे-नवी मुंबई-कल्याणच्या बस अशा अकरा सेवांची तिकिटं त्यावर मिळतात. दादाने मला फोनवर तासभर "मुंबई वन घेतलं" असं सांगितलं आणि मी कार्ड समजून बोलत होते. ॲप चांगलं आहे, पण लेडीज डब्याचा नियम त्यालाही लागू. सहा जणांचं सगळं एका फोनवर गोळा केलंत की तुम्ही त्या फोनवाल्याच्या मागे मागे दिवसभर पळणार.

म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही काय करतो ते सांगते. दोन फोन पूर्ण चार्ज, दोन्हींवर यूपीआय चालू आणि दोन्हींवर रेलवनची नोंदणी झालेली. नोंदणीचा ओटीपी स्टेशनबाहेर उभं राहून येईलच असं नाही. पाचशे रुपये सुट्टे, दहा-वीसच्या नोटा आणि वहिनीचा डबा, यातले अर्धे आईकडे. आईकडे फोन साधा आहे, पण ती हरवली तर टॅक्सी करून यायला तिच्याकडे पैसे असायला हवेत. रविवार असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या, कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघून ठेवतो, नाहीतर परतीचं तिकीट खिशात आणि गाडी भलत्याच रुळावर.

आणि परत जाताना. मी त्यांना सोडायला कल्याणला जाते, तेव्हा मलाच प्लॅटफॉर्म तिकीट लागतं, दहा रुपये, दोन तासांसाठी. डोंबिवलीहून आलेलं लोकलचं तिकीट दाखवून सिद्धेश्वरच्या प्लॅटफॉर्मवर तासभर गप्पा मारत बसता येत नाही. सणासुदीच्या गर्दीत कधी कधी मोठ्या स्टेशनांवर या तिकिटाची विक्रीच बंद ठेवतात. तेव्हा आम्ही पुलाच्या खाली, स्टेशनबाहेरच निरोप घेतो. वहिनीचा डबा तेवढा मी परत देते, रिकामा.